प्रार्थनेने पाकळी हलते का?

विचारणारे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले आहेत. प्रश्न थोडक्यात असा: ‘आमच्या देवळात कौल लावतात. गाऱ्हाणे मनापासून घातले की पाकळी उजवीच पडते, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. प्रार्थनेने किंवा नुसत्या संकल्पाने बाहेरच्या जगात मोजता येईल असा फरक पडतो का? दुसरे म्हणजे, पुढच्या महिन्यात आईची बायपास आहे. तिच्यासाठी जप, अभिषेक चालू आहे. ते तिला सांगावे की नाही?’

फरक पडतो. पण दर वेळी तो कुणाच्या तरी शरीरातून वाट काढत जातो: जपणाऱ्याच्या श्वासातून, ऐकणाऱ्याच्या कानातून, पाकळी लावणाऱ्याच्या बोटातून. ती वाट बुजवली की परिणामही थांबतो. त्यामुळे या विषयात तपासणी करणारा माणूस आधी वाट कुठून जाते ते हुडकतो, ती बंद करतो, आणि मागे काय उरते ते मोजतो.

कौलापासूनच सुरू करू. परदेशातल्या प्रयोगशाळांनी ज्यासाठी यंत्रे बांधली, ते आपल्याकडे पाण्यावर आणि फुलावर चालते. मूर्तीच्या किंवा पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगावर ठरलेल्या जागी पाण्याने पाकळ्या लावतात. कुठे कळ्या, कुठे पानाचे तुकडे, कुठे ओले तांदूळ. गाऱ्हाणे घालून झाले की कुठली बाजू आधी सुटते ते बघायचे. उजवी सुटली की होकार. तपशील देवस्थानागणिक बदलतो, पण भौतिकशास्त्र सगळीकडे एकच.

पाकळी धरून ठेवते ती तिच्या मागची पाण्याची पातळ चकती. पृष्ठताणामुळे ती दगडाला आणि पाकळीला एकाच वेळी चिकटलेली असते. कडेकडून पाणी सुकते, चकती आत आक्रसते, पाकळी सुकून थोडी वळते आणि कड उचलते. धरणारी जागा वजनाला पुरेनाशी झाली की पाकळी खाली. पाणी जास्त लागले असेल तर सुकण्याची वाट न बघता ती नुसतीच घसरते. म्हणजे निकाल ठरवणाऱ्या गोष्टी या: थेंब केवढा होता, बोट किती दाबले, पाकळीचे वजन, त्या जागी दगडाचा उतार, समई कुठल्या बाजूला आहे, दाराचा वारा कुठून येतो, आणि कुठली बाजू आधी लावली. शेवटची गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. लावणाऱ्याला नेहमी उजवीपासून सुरू करायची सवय असेल तर उजव्या बाजूला सुकायला मिनिटभर जास्त मिळतो. तेवढे पुरते. यात लबाडी कुणाची नाही. हाताची सवय आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यातली हवा इतकी दमट असते की सुकणे लांबते, तेव्हा घसरून पडणाऱ्या पाकळ्यांचे प्रमाण वाढणार आणि थेंबाच्या आकाराला महत्त्व येणार.

दुसरी वाट मोजणीतली आहे. डावी पडली तर ‘गाऱ्हाणे नीट झाले नाही’ म्हणून पुन्हा लावायची मुभा असते. समजा उजवी पडण्याची शक्यता निम्मी आहे आणि जास्तीत जास्त तीनदा विचारायचे आहे. तर निदान एकदा होकार मिळण्याची शक्यता ५० टक्के राहत नाही, ८७.५ टक्के होते. ‘मनापासून मागितले तर मिळतेच’ या अनुभवाचा बराच भाग इथे आहे. मनापासून मागणारा परत मागतो.

तपासून बघायचे असेल तर देवळात नको. तिथला कौल हा देवस्थानचा आचार आहे; दोन भावांतला बांधाचा तंटा कुणाच्या तोंडाकडे न बघता सोडवणे हे त्याचे खरे काम, आणि ते तो बरे करतो. घरी करा. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचे पाच तुकडे घ्या, पाथरवटाकडे उरलेले मिळतात, आणि ते ओळंब्यात उभे करा. एकाच झाडाच्या जास्वंदीच्या पाकळ्यांतून एक रुपयाचे नाणे ठेवून कात्रीने चकत्या कापा. ड्रॉपरने प्रत्येकीला एकच थेंब. पंखा बंद, दिवा नाही. कुठली बाजू आधी लावायची हे दर वेळी नाणे उडवून ठरवा. लावून झाल्यावरच दुसरे नाणे उडवा आणि त्यावरून प्रार्थना ‘उजवी पडो’ अशी करायची की ‘डावी पडो’ हे ठरवा. हा क्रम उलटा झाला की सगळे वाया गेले, कारण काय मागायचे आहे ते बोटाला आधीच कळते. प्रार्थना करणाऱ्याने निदान दोन मीटर दूर बसावे, श्वासही वाराच आहे. फोन तिकाटण्यावर लावून चित्रण करा आणि निकाल अशा माणसाने वाचावा, ज्याला मागणे काय होते ते माहीत नाही. दोन तासांत सुटली नाही ती जोडी बाद, हे आधी वहीत लिहा. पाच जोड्या सकाळी, पाच संध्याकाळी, दहा दिवसांत १०० होतात. नुसत्या योगायोगाने ५० बरोबर येतील, पाच-सहा इकडे तिकडे. ६० किंवा त्याहून जास्त बरोबर येणे योगायोगाने साधारण ३५ वेळांत एकदा घडते. ‘अजून वीस करू, मग जमेल’ असा मोह होतो. तो म्हणजे तीनदा कौल लावणेच.

आणि एक हिशेब आधीच मांडून ठेवावा. प्रार्थनेने ५० चे ६० टक्के होत असतील तर ते पकडायला सुमारे २०० जोड्या लागतात. ५० चे ५१ होत असतील तर सुमारे २०,०००. परिणाम जितका बारीक, तितका तो सिद्ध करायला अवघड आणि नजरचुकीतून भासायला सोपा.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात १९७९ ते २००७ एका प्रयोगशाळेने हेच काम केले. पाकळीच्या जागी इलेक्ट्रॉनिक गोंगाटावर चालणारे यंत्र, एका फेरीत २०० वेळा छापा-काटा, सरासरी १०० यायला हवी. समोर बसलेल्या माणसाने कधी ‘वर जाऊ दे’, कधी ‘खाली येऊ दे’, कधी काहीच नको, असा संकल्प करायचा. लाखो फेऱ्यांनंतर त्यांना फरक दिसला तो दहा हजारांत काही एवढाच. इतका बारीक फरक यंत्राच्या सूक्ष्म कलातून, अर्धवट सोडलेल्या बैठकांतून किंवा नोंदींच्या निवडीतून सहज येऊ शकतो. मग जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि गीसेन इथल्या प्रयोगशाळा बरोबर घेऊन तोच प्रयोग तीन ठिकाणी, आधी आराखडा ठरवून पुन्हा केला. त्याचा निकाल २००० साली छापून आला: ठरवलेला फरक आला नाही. पहिल्या प्रयोगापेक्षा या दुसऱ्याला जास्त वजन द्यावे, कारण इथे काय शोधायचे ते आधी लिहून ठेवले होते.

भाताच्या बरण्यांचा प्रयोग व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतो: एका बरणीला ‘देव बरे करो’, दुसरीला शिव्या, आठवड्याने शिव्यांची बरणी काळी. दोन बरण्या ठेवल्या की एक आधी कुजणारच, आणि ती शिव्यांची निघण्याची शक्यता निम्मी. निम्म्या घरांत प्रयोग ‘यशस्वी’ होतो आणि त्याच घरांतून फोटो पुढे जातात. बाकीचे भात फेकून गप्प बसतात. नीट करायचे तर आठ एकसारख्या काचेच्या बरण्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, एकाच टोपातल्या उकड्या तांदळाचा भात प्रत्येकीत ५० ग्रॅम तोलून भरा, झाकणे लगेच लावा. एकाने चिठ्ठ्या टाकून चार ‘आशीर्वादाच्या’, चार ‘शापाच्या’ ठरवाव्यात. बरण्यांवर फक्त आकडे. दुसऱ्याने रोज बोलावे, पण झाकण न उघडता. उघड्या बरणीवर तोंड नेऊन प्रेमाने बोलले तर थुंकीचे तुषार आणि जंतू भातावर जातात, म्हणजे प्रार्थनेचा भौतिक परिणाम होतो खरा, पण नको तो. बरण्यांच्या जागा रोज बदला. आपल्याकडे खिडकीजवळची आणि चुलीजवळची बरणी एकसारखी कुजत नाही. दहाव्या दिवशी तिसऱ्या, काहीच माहीत नसलेल्या माणसाने सर्वांत खराब चार निवडाव्यात. आठांतून चार निवडायच्या ७० रीती आहेत. नेमक्या शापाच्याच चार निघाल्या तर ७० त एकदा घडणारी गोष्ट घडली. त्याला दखल घेण्याजोगे म्हणता येईल, आणि मग पुन्हा करून बघायचे.

वाट शरीरातून आणि समजुतीतून जाते, हे जगाला ठामपणे सांगणाऱ्यांत एक गोंयकार होता. अब्बे फारिया, संमोहन करणारा पाद्री, जन्म १७५६, कांदोळी. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी हात उगारून उभा आहे तोच. त्याआधी युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याची चलती होती: वैद्याच्या अंगातून एक चुंबकी प्रवाह निघतो आणि रोग्यात शिरतो म्हणे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, ते तपासले. फ्रँकलिनच्या बागेतले एक झाड ‘भारून’ ठेवले आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडाला कवटाळायला लावले. मुलगा चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. भारलेले झाड ते नव्हतेच. प्रवाह नसताना परिणाम आला, आणि जिथे प्रवाह होता म्हणत होते तिथवर मुलगा पोचलाच नव्हता. डोळे बांधून तपासणी करण्याची रीत इथून रुळली.

समितीने ‘कल्पनाशक्ती’ म्हणून विषय मिटवला. फारियाने तिथून पुढे नेला. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर व्याख्याने देत असे. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे, आणि ठासून म्हणायचे: ‘झोपा!’ काही जण खरोखर त्या अवस्थेत जात. त्याचे म्हणणे असे, की माझ्यातून काही निघत नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या आत घडते. सगळ्यांवर सारखे चालत नाही याचेही कारण तेच. आपल्याकडची त्याची आख्यायिका घराघरांत माहीत आहे. प्रवचनाला उभा राहून तो गांगरला, तेव्हा बापाने कोंकणीत हळूच सांगितले: ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि जीभ सुटली. आख्यायिका खरी की खोटी ते असो. ते शब्द आणखी कुणाच्या कानावर पडले असते, तरी काम फक्त कोंकणी कळणाऱ्या एकावर झाले असते.

रुग्णालयांतल्या तपासण्यांकडे आता याच नजरेने बघा. १९८८ साली सान फ्रान्सिस्कोतल्या हृदयरोग विभागातल्या ३९३ रुग्णांचा अभ्यास छापून आला. निम्म्यांसाठी दुरून प्रार्थना, आपण कुठल्या गटात याचा रुग्णांना पत्ता नाही. २६ प्रकारच्या नव्या तक्रारी मोजल्या, त्यांतल्या सहांत प्रार्थनेचा गट बरा निघाला. किती दिवस राहिले, किती दगावले, यात फरक नाही. २६ ठिकाणी जाळे टाकले की एक-दोन मासे नुसते नशिबाने लागतात, शिवाय या तक्रारी एकमेकींना धरून असतात. १९९९ मध्ये कॅन्सस सिटीच्या ९९० रुग्णांत एका संमिश्र गुणांकात दहा-अकरा टक्क्यांचा फरक आला, मुक्कामाच्या दिवसांत नाही. अभ्यास वाढत आणि काटेकोर होत गेले तसा फरक विरत गेला. २००५ चा ७४८ रुग्णांचा अभ्यास: फरक नाही.

मग २००६ चा मोठा अभ्यास आला. तुमच्या प्रश्नाशी त्याचाच संबंध आहे, कारण तो बायपासवरच होता. सहा रुग्णालये, १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितले की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला सांगितले की नक्की होणार, आणि झाली. प्रार्थना शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सुरू, १४ दिवस, पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन, ठरलेल्या वाक्यात. तीस दिवसांत काही ना काही गुंतागुंत झाली ती अशी: पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. न कळलेल्या प्रार्थनेचा परिणाम शून्य. तिसऱ्या गटात, ज्यांना माहीत होते त्यांच्यात, ५९ टक्के. हा वाढावा मुख्यतः हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा होता. ‘माझी तब्येत इतकी वाईट आहे की परक्या लोकांना प्रार्थनेला बसवावे लागले?’ असा ताण हे संशोधकांनी सुचवलेले एक कारण. योगायोगही असू शकतो. मी तो खोडून काढणार नाही. पण बघा, फरक आला तो जिथे बातमी पोचली तिथे.

या अभ्यासावर एक रास्त आक्षेप आहे. तिन्ही गटांतल्या जवळपास प्रत्येकासाठी घरचे लोक प्रार्थना करतच होते. म्हणजे मोजले गेले ते ‘प्रार्थना’ विरुद्ध ‘काहीच नाही’ असे नसून ‘घरची अधिक परक्यांची’ विरुद्ध ‘घरची’ असे. कुणी म्हणेल, देव तुमच्या चिठ्ठ्यांना बांधील नाही. मान्य. पण मग ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ हे वाक्यही सोडून द्यावे लागते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

नुसत्या आकड्याने किती फसायला होते हे इस्रायलमधल्या एका डॉक्टरने २००१ मध्ये मुद्दाम दाखवले. १९९० ते १९९६ मध्ये रक्तात जंतुसंसर्ग झालेले ३३९३ रुग्ण घेतले, २००० साली चिठ्ठ्या टाकून निम्म्यांसाठी प्रार्थना केली, म्हणजे ते बरे होऊन किंवा वारून गेल्यावर चार ते दहा वर्षांनी. प्रार्थनेच्या गटाचा मुक्काम आणि ताप दोन्ही कमी दिवसांचे निघाले. लेख नाताळच्या अंकात छापला होता आणि चिमटा उघड होता. तरी तो ‘पुरावा’ म्हणून अजून पुढे पाठवला जातो.

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतले होमकुंड काढल्याशिवाय गोव्यात ही चर्चा संपत नाही. धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, पहाटेकडे निखाऱ्यांतून जातात आणि पाय शाबूत राहतात, ते कसे? पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी आठवा. आतल्या तापलेल्या हवेत तो क्षणभर हात घालतो, पण आतल्या लोखंडी पत्र्याला उघड्या हाताने शिवत नाही. दोघांचे तापमान सारखेच, उष्णता हाताला द्यायचा वेग वेगळा. लाकडी कोळसा हलका, सच्छिद्र, उष्णतेचा फार वाईट वाहक. ढोबळ गणित मांडले तर ५५० अंशांच्या निखाऱ्यावर पाय टेकताच स्पर्शाच्या जागी तापमान ९० अंशांच्या आसपास येते. तितक्याच तापलेल्या लोखंडावर ते ५०० च्या आसपास गेले असते. त्यात वर राखेचा थर, तळव्याची जाड मेलेली कातडी, आणि प्रत्येक पाऊल अर्धा सेकंदही टेकलेले नाही. इतक्यात जिवंत कातडीपर्यंत उष्णता पुरेशी पोचत नाही. १९३५ आणि १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये मोजमाप घेऊन हे करून बघितले, तेव्हा कोणतेही व्रत नसलेला एक हौशी इंग्रजही चालून गेला.

भाजते ते कसे, हे भाविकांनाही ठाऊक असते. थबकले की भाजते. ओल्या पायाला किंवा बोटांच्या बेचक्यात निखारा चिकटला की भाजते. घाबरून उड्या मारल्या की पाय खोल रुततो आणि वरून निखारे पडतात. खिळे असलेले लाकूड जळले असेल तर खिळा भाजतो, कारण तो लोखंड आहे. इथे व्रताचे काम दिसते: उपवास, सोवळे, सामूहिक घोष यांनी माणूस डगमगत नाही, चाल एकसारखी राहते. संकल्प निखारा थंड करत नाही, पाऊल नेमके टाकतो. (हे वाचून घराच्या अंगणात कुणी करू नये, मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेल्याने तर मुळीच नको.) स्पेनमधल्या एका गावात अशाच अग्निचालनाच्या वेळी ३८ जणांच्या छातीला यंत्रे लावून ठोके नोंदवले होते. २०११ च्या त्या नोंदींत चालणाऱ्याचे आणि बघणाऱ्या नातलगांचे ठोके एकमेकांबरोबर चढत-उतरत होते, अनोळखी प्रेक्षकांचे नाही. स्पर्श नाही, बोलणे नाही, तरी दुसऱ्याच्या छातीत भौतिक बदल. वाट कुठली? डोळे आणि नाते.

जपाची वाट सर्वांत स्वच्छ मोजलेली आहे. इटलीत २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून रोझरी आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणायला लावून श्वास, रक्तदाब आणि ठोके नोंदवले. २००१ मध्ये निष्कर्ष आले. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. रक्तदाबाची स्वतःची एक लाट असते, साधारण दहा सेकंदांची, आणि श्वास त्याच ठेक्यावर आला की दोघे जुळतात. दाब चढल्यावर ठोके किती चटकन जुळवून घेतात हे दाखवणारा आकडा ९.५ वरून ११.५ वर गेला. संध्याकाळी खुरसाजवळ तेर्स, म्हणजे कोंकणीतली रोझरी, चालतो तेव्हा ऐका: एक जण ‘नमान मोरिये’ या मारियेच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतो, बाकीचे उत्तरार्ध. दुसऱ्यांची पाळी असताना तुमचा श्वास आत येतो, तुमच्या पाळीत सावकाश बाहेर जातो. देवळातल्या भजनात, आवर्तनात हीच रचना आहे. एकट्याने माळ ओढायची तर एका मण्याला दहा सेकंद द्या: चार सेकंद श्वास आत, सहा सेकंदांत नाम म्हणत बाहेर. १०८ मण्यांना १८ मिनिटे लागतात. पाच मिनिटांत माळ उरकणाऱ्याला हा लाभ नाही, उलट भराभर श्वासाने चक्कर येते आणि तोंडाभोवती मुंग्या येतात. पुण्य किती लागते ते मला सांगता येणार नाही.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाबद्दलही विचारले जाते. १९व्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, जांबावलीच्या दामोदराला साकडे घालून श्रीफळ आणले, अखंड भजन झाले, साथ हटली. ती प्रथा दर श्रावणात चालू आहे. यात एवढेच ध्यानात ठेवायचे, की साथ चढती असताना माणसे धावपळ करतात, ती शिगेला पोचली की देवाकडे जातात, आणि शिगेनंतर साथ उतरतेच. जूनमध्ये पाऊस लांबला म्हणून पिंडी पाण्यात बुडवली तर आठवड्याभरात गोव्यात पाऊस येणारच. म्हणून सप्ताह फोल ठरत नाही. चोवीस तास बाजारातल्या पेठांनी पाळ्या वाटून गाणे हे त्या गावाला जे देते, ते प्लेगच्या हिशेबाबाहेरचे आहे.

आता आईचे. जप, अभिषेक जरूर करा. तिला सांगण्याआधी तिलाच विचारा: ‘आई, तुझ्यासाठी म्हणतोय आम्ही. तुला सांगत जाऊ की मनातच ठेवू?’ हो म्हणाली तर ओळखीच्या दोन-तीन माणसांची नावे सांगा, आणि ती भीती वाटल्यासारखी न सांगता नेहमीच्या घरगुती सुरात. ‘दोनशे माणसे बसलीत’, ‘पाच देवळांत सांगितलेय’ असले आकडे नकोत; ५९ टक्क्यांचा गट आठवा. त्यापेक्षा रोज रात्री तिच्याजवळ बसून तिच्या आवडीचा अभंग संथ म्हणा, तिला बरोबर म्हणू द्या. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे उघडी ठेवायला सावकाश दीर्घ श्वास घ्यायला लावतातच. आधीपासून सवय झाली असेल तर तिथे उपयोग होतो.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हा कौल लावू नका. डावी पडली आणि तरी करावी लागली तर ती भीती घेऊन टेबलावर जाईल, आणि भीतीचेही भौतिक परिणाम असतात: १९६८ च्या एका प्रयोगात दम्याच्या ४० रुग्णांना नुसते मिठाचे पाणी हुंगवून ‘हे तुम्हाला त्रास देणारे आहे’ असे सांगितले, तर १९ जणांच्या श्वासनलिका खरोखर आवळल्या. तुमच्याकडे कुणी आधीच लावला असेल आणि डावी पडली असेल, तर ती बातमी तिच्या कानावर जाऊ देऊ नका. लावणाऱ्याला तसे आजच सांगा.

आदल्या रात्रीच्या प्रसादाचे बघा. भूल देण्याआधी साधारण सहा तास घन पदार्थ आणि दूध चालत नाही, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत; नेमकी वेळ रुग्णालय देईल तीच पाळायची. पंचामृत हे दूध आहे, ‘तीर्थ म्हणून चमचाभर’ सुद्धा नको. नवसाचा उपास आईने करायचा नाही, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर. करायचा तर तुम्ही करा. कुणी दिलेला काढा, हळदीच्या किंवा लसणीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, त्यांतल्या काहींनी रक्त पातळ होते. अंगारा कपाळाला ठीक, टाक्यांच्या आसपास कधीही नाही. गळ्यातला ताईत, कमरेचा करदोटा, हातातला धातूचा गंडा आत नेता येत नाही, कारण रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारे उपकरण वापरतात आणि धातूखाली कातडी भाजू शकते. तो आयत्या वेळी परिचारिकेने कापला की आईचा जीव खाली-वर होईल. म्हणून आदल्या दिवशी घरीच, देवासमोर, तिच्याच हाताने उतरवून डबीत ठेवायला लावा, आणि डबी कुणाच्या खिशात राहणार ते तिला दाखवा.